कॉफी : निवडावी, करावी, प्यावी

आपल्याकडे पाहुण्याला ‘चहा घेणार की कॉफी?’ असं विचारण्याची रीत आहे. विचारणाऱ्याची मनोमन अपेक्षा मात्र ‘चहा’ हीच असते. चुकून कुणी ‘कॉफी चालेल’ म्हणालं, की आत भांड्यांचा आवाज जरा वाढतो. बाटली शोधली जाते. ती सापडली तर आतल्या पावडरीचा दगड झालेला असतो. यजमानांना असं अडचणीत टाकणाऱ्या पाहुण्यांपैकी मी एक आहे. आम्ही मिरजेकडची माणसं. कर्नाटकाची हद्द जवळ, त्यामुळे उडप्यांच्या हॉटेलांची आणि तिथल्या कॉफीची ओळख लहानपणीच झाली. तेव्हापासून कॉफी कोणती घ्यावी, कशी करावी आणि कशी प्यावी, याबद्दल माझी काही मतं बनत गेली. ती आज सांगतो. पटतील तेवढी घ्यावीत.

आधी निवडीचं. बाजारात कॉफीच्या मुख्य जाती दोन, अरेबिका आणि रोबस्टा. अरेबिका नाजूक. तिला डोंगरावरची थंड हवा आणि सावली लागते. तिच्यात सुवास जास्त, किंचित आंबूसपणाही असतो. रोबस्टा सखल भागातही येते, रोगराईला सहसा दाद देत नाही. तिच्यात कडवटपणा अधिक आणि कॅफिन जवळजवळ दुप्पट. भारतात रोबस्टाच जास्त पिकते. मला अरेबिका आवडते. पण दूध घालून प्यायची तर निव्वळ अरेबिका फिकी पडते, म्हणून तिच्यात मी थोडी रोबस्टा मिसळून घेतो. तीन भाग अरेबिका आणि एक भाग रोबस्टा हे माझं प्रमाण.

दुकानात गेलात तर ‘प्लँटेशन’, ‘चेरी’, ‘पीबेरी’ असे शब्द कानावर पडतील. फळाचा गर धुऊन काढून मग बी वाळवली तर ती प्लँटेशन. अख्खं फळच उन्हात वाळवून नंतर साल काढली तर ती चेरी. कॉफीच्या फळात साधारणपणे दोन बिया समोरासमोर असतात, म्हणून त्यांची एक बाजू चपटी होते. कधी कधी आत एकच बी तयार होते आणि ती वाटाण्यासारखी गोल राहते. ती पीबेरी. ती सगळीकडून सारखी भाजली जाते असं म्हणतात आणि तिला भावही जास्त पडतो. माझ्या जिभेला मात्र चांगल्या प्लँटेशनमध्ये आणि पीबेरीत फार मोठा फरक जाणवलेला नाही.

दुसरा मुद्दा चिकोरीचा. पुष्कळांना वाटतं की चिकोरी हा कॉफीचाच एक प्रकार आहे. ती एका वेगळ्याच झाडाची मुळी आहे, आपल्याकडे गुजरातेत बरीच पिकते. मुळी वाळवून, भाजून, दळून कॉफीत मिसळतात. तिच्यात कॅफिन नसतं. तिच्यामुळे रंग गडद होतो, दाटपणा येतो आणि पुडी स्वस्त होते. कायद्याने अशा मिश्रणात किमान 51 टक्के कॉफी असावी लागते आणि पुडीवर प्रमाण छापावं लागतं. म्हणजे जवळजवळ निम्मी पुडी मुळीची असली तरी ती नियमात बसते! तेव्हा पुडीवरची बारीक अक्षरं वाचून मगच पैसे द्यावेत. चिकोरीशी माझं वैर नाही. शेकडा पंधरा-वीसपर्यंत ती कॉफीला साथ करते. त्यापुढे गेली की तीच गायला लागते.

तिसरा मुद्दा ताजेपणाचा. कॉफीचा सुवास उडून जाणारा असतो आणि दळल्यावर तर तो फारच लवकर जातो. म्हणून एकदम किलोभर घेऊन ठेवू नये. मुंबईत माटुंग्याला भाजून, डोळ्यांदेखत दळून देणारी दुकानं आहेत. अशा ठिकाणाहून शे-दीडशे ग्रॅम घ्यावी, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी आणि ओला चमचा आत घालू नये.

आता कृती. फिल्टर म्हणजे एकावर एक बसणारी दोन भांडी. वरच्याच्या बुडाला बारीक भोकं असतात आणि आत दांड्याची एक चकती असते. वरच्या भांड्यात तीन मोठे चमचे पूड घालावी, सारखी करावी आणि चकतीने हलकेच दाबावी. जोरात दाबली तर पाणी उतरतच नाही. सैल ठेवली तर भसकन उतरतं आणि खाली नुसतं रंगीत पाणी जमतं. पाण्याला उकळी आली की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबावं. खळखळतं पाणी पुडीतला नको तेवढा कडूपणा ओढून घेतं. मग सावकाश, गोल फिरवत अर्धा-पाऊण पेला पाणी ओतावं, झाकण ठेवावं आणि बाजूला व्हावं.

यापुढची पंधरा-वीस मिनिटं आपल्या हातात काही नसतं. थेंब त्यांच्या गतीने पडतात. कितीही घाई असली तरी फिल्टरला ठोकू नये, हलवू नये. खाली जमतं ते डिकॉक्शन. ते पुन्हा कधीही उकळू नये, उकळलं की चव मेली. एक भाग डिकॉक्शनला दोन ते तीन भाग कढत दूध घ्यावं. साखर पेल्याच्या तळाशी घालावी आणि वाटीतून पेल्यात, पेल्यातून वाटीत अशी दोन-तीनदा उंचावरून ओतावी. साखर विरघळते, फेस येतो आणि कॉफी जिभेला सोसेल इतकी निवते.

झटपट कॉफीला मी नावं ठेवत नाही. ब्राझीलमध्ये पडून राहिलेल्या जादा कॉफीचं करायचं काय, या प्रश्नातून ‘नेसकॅफे’ जन्माला आली आणि 1938 साली बाजारात उतरली. प्रवासात, दवाखान्यात, परीक्षेच्या रात्री तिनेच अनेकांना तारलं आहे. आपल्या घरांतून तिच्यात जायफळ उगाळून घालतात, त्यालाही माझी ना नाही. कॉफी झोप उडवते आणि जायफळ झोप आणतं असा समज आहे. दोघांना एका कपात बसवून न्याय करणं मराठी गृहिणीलाच सुचू शकतं. फिल्टर कॉफीत मात्र मी जायफळ घालत नाही.

पिण्याची वेळही पाळावी. कॅफिनचा अंमल ओसरायला बरेच तास लागतात. पाच-सहा तासांनंतरही साधारण निम्मं कॅफिन अंगात असतं. म्हणून चारनंतर मी कॉफी घेत नाही. सकाळी एक, दुपारी एक. रमजान येण्याच्या आठवडाभर आधी हेही कमी करत आणतो. रोज कॉफी पिणाऱ्याने ती एकदम सोडली की दुसऱ्या दिवशी डोकं ठणकायला लागतं. पहिल्या रोज्यांना अनेकांचं डोकं दुखतं, त्याचं एक कारण तहान-भुकेइतकंच हेही असतं.

गंमत म्हणजे कॉफी प्यायला सुरुवात झाली ती रात्री जागण्यासाठीच. पंधराव्या शतकात यमनमधले सूफी रात्रीच्या नामस्मरणात, म्हणजे जिक्रमध्ये, डोळा लागू नये म्हणून ती पीत. अल्-जझीरी या सोळाव्या शतकातल्या लेखकाने कैरोतल्या यमनी सूफींच्या बैठकीचं वर्णन नोंदवलं आहे. लाल मातीच्या मोठ्या भांड्यात कॉफी असे, म्होरक्या लहान पळीने ती काढून एकेकाला देई आणि बैठकीला आलेल्या सामान्य माणसांनाही मिळे. 1511 साली मक्केत कॉफीवर बंदी आली. ती टिकली नाही.

आपल्या देशात ती आणल्याचं श्रेय परंपरा एका सूफीलाच देते. सतराव्या शतकात बाबा बुडन हजहून परतताना यमनच्या मोखा बंदरातून सात बिया लपवून घेऊन आले आणि त्या त्यांनी चिकमगळूरच्या डोंगरात रुजवल्या, अशी आख्यायिका आहे. त्या डोंगराला आजही बाबाबुडनगिरी म्हणतात. तिथल्या स्थानाचं नाव श्री गुरु दत्तात्रेय बाबाबुडनस्वामी दर्गा. एकाच गुहेत कुणाला दत्तगुरू दिसतात, कुणाला बाबा. त्या जागेवरून पुढे भांडणं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या. नरसोबाच्या वाडीची वाट लहानपणापासून पाहिलेल्या माझ्यासारख्याला त्यामुळे वाईट वाटतं.

सर्वांना एका पळीने वाटलेलं हे पेय पुढे पाट्यांच्या आड गेलं. विसाव्या शतकात तमिळ मुलखातल्या कॉफीच्या हॉटेलांत ब्राह्मणांची बसण्याची जागा वेगळी असे. पाटीवरच्या ‘ब्राह्मण’ या शब्दाविरुद्ध पेरियार यांच्या अनुयायांनी 1957 साली मद्रासमध्ये निदर्शनं केली. आपल्याकडे त्याआधीच शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना कोल्हापुरात हॉटेल काढून दिलं आणि स्वतः तिथे जाऊन चहा घेतला. गोष्ट चहाची असली तरी कॉफीवाल्यांनीही ती लक्षात ठेवावी. कपात काय आहे इतकंच कप कुणाच्या हातचा आहे, यालाही महत्त्व असतं.

माझे एक कवीमित्र दर रविवारी सकाळी घरी कॉफीला येतात. काही वर्षांपूर्वी गावात तणाव होता. दुकानं बंद, रस्त्यावर पोलीस. त्या रविवारी ते येतील असं मी धरलं नव्हतं. नेहमीच्या वेळेला दारात उभे राहिले. पत्नीने विचारलं, ‘भाऊ, एवढ्यातून कशाला आलात?’ ते म्हणाले, ‘वहिनी, रविवार आहे ना?’ फिल्टर लावला. ती वीस मिनिटं आम्ही दोघं जवळजवळ काही बोललो नाही. कॉफी झाली, ती प्यायलो, मग कवितेवर भांडलो. जाताना मी त्यांच्याबरोबर चौकापर्यंत गेलो. झटपट कॉफी असती तर ते पाच मिनिटांत उठले असते, असं मला नेहमी वाटतं.

तेव्हा अरेबिका की रोबस्टा, चिकोरी किती, साखर किती, हे ज्याने त्याने आपल्या जिभेला विचारून ठरवावं. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. डिकॉक्शन करताना एका माणसाचं जास्त करावं. झाकून ठेवलं तर दुपारपर्यंत चांगलं राहतं आणि तोवर कुणी ना कुणी येतंच.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)