शिफारसपत्र कोणत्या सरांकडून घ्यायचं?

अमेरिकेत पदवीला जायचं ठरलं की बरीच मुलं शिफारसपत्रासाठी थेट प्राचार्यांच्या केबिनबाहेर उभी राहतात. मोठी सही, मोठा शिक्का! पण घाऊक व्यापारी नव्या दुकानदाराला उधारीवर माल देताना नगरसेवकाचं पत्र बघतो का? ज्याने तुमच्याशी व्यवहार केलाय, त्यालाच विचारतो. इथेही तेच.

एमआयटी शिक्षकांची दोन पत्रं मागते: एक गणित किंवा विज्ञानाच्या, दुसरं भाषा किंवा सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकाचं. मग ९५ मार्क देणारे सर, की अकरावीत फिजिक्स अडलं तेव्हा तुम्हाला रोज थांबून शंका विचारताना पाहिलेल्या मॅडम? मी मॅडमच म्हणेन. मार्क काय, गुणपत्रिकेत दिसतातच.

‘तूच लिहून आण, मी सही करतो’ म्हणणारे सर मात्र टाळा. कॉमन ॲपवर शिक्षक स्वतः पत्र अपलोड करतात आणि बहुतेक मुलं ते बघण्याचा हक्क सोडून देतात. म्हणजे तुमच्या हातात फक्त निवड. निदान महिनाभर आधी विचारा. वर्गातला प्रोजेक्ट, घरच्या दुकानाचा सांभाळलेला हिशोब, सगळं एका पानावर लिहून द्या. हो म्हणताना सर घुटमळले, तर आभार माना आणि दुसऱ्यांना विचारा.