जॉबर गेला, मध्यस्थ राहिला

गिरणगावात एके काळी नोकरी द्यायची ती जॉबरनं. रत्नागिरीहून किंवा साताऱ्याहून आलेला पोरगा गाववाल्याच्या खोलीवर उतरायचा आणि त्याच्याच ओळखीनं जॉबरपुढे उभा राहायचा. कामावर घेणं, रजा देणं, काढून टाकणं, सारं जॉबरच्या हाती. त्याबद्दल तो दस्तुरी घेई, अडीनडीला उसने पैसेही देई. गिरणीतून सूत किती निघालं हे मालकाला ठाऊक असे. ते काढणारा माणूस कोण, हे मात्र जॉबरला. मुंबईतल्या मनुष्यबळ व्यवस्थापनाचा मागोवा घ्यायचा तर सुरुवात इथूनच करावी लागते. कामावर ठेवणारा आपल्या कामगाराला स्वतः ओळखतो का, हा प्रश्न तेव्हापासून मालकांची पाठ सोडत नाही.

कामगारांच्या स्थितीच्या चौकशीसाठी १९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगानं हा प्रश्न उघडपणे मांडला. कामगार नेते ना. म. जोशी या आयोगाचे सदस्य होते. भरती जॉबरच्या हातून काढून घ्या आणि लेबर ऑफिसर नेमा, अशी शिफारस १९३१च्या अहवालात झाली. १९३४च्या कायद्यानं मुंबईत सरकारी लेबर ऑफिसर आला. पुढच्याच वर्षी गिरणीमालकांच्या संघटनेनं गैरहजर कामगाराच्या जागी घेतल्या जाणाऱ्या बदली कामगारांना कार्डं द्यायची पद्धत सुरू केली. रोज सकाळी गेटवर ताटकळणाऱ्या बदलीचं नाव निदान कागदावर आलं. तरी जॉबरचं वजन लगेच उतरलं नाही, कारण खोली, उधारी आणि गावाकडची ओळख अजून त्याच्याकडेच होती.

स्वातंत्र्यानंतर १९४८च्या कारखाने कायद्यानं ५०० किंवा त्याहून अधिक कामगार असतील तिथे कल्याण अधिकारी बंधनकारक केला. कॅन्टीन, पाळणाघर, विश्रांतीची जागा यांचे नियम झाले. १९३६मध्ये सुरू झालेल्या टाटा समाजविज्ञान संस्थेतून आणि परळच्या बॉम्बे लेबर इन्स्टिट्यूटमधून शिकलेली माणसं या जागांवर आली. त्यांची जागा अवघड होती. पगार मालकाचा आणि गाऱ्हाणं कामगाराचं. ज्यांनी टेबल सोडून खात्यात फेरी मारली, त्यांच्यावर कामगारांनी विश्वास टाकला. बाकीच्यांच्या वाट्याला मस्टर आणि चौकशीचे कागद आले.

ऐकून घेणारा माणूसच उरला नाही तर काय होतं, हे १९८२नं दाखवलं. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पगारवाढ हवी होती, बदली कामगारांना कायम करायला हवं होतं आणि १९४६चा मुंबई औद्योगिक संबंध कायदाही जायला हवा होता. या कायद्यानं वाटाघाटीचा हक्क मान्यताप्राप्त राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे ठेवला होता. कामगारांचा त्या संघटनेवरचा विश्वास उडाला होता, तरी मालकांनी दुसऱ्या कुणाशी बोलायची तयारी दाखवली नाही. कायद्याच्या दृष्टीनं ते चुकत नव्हते, पण समोरचा माणूस त्यांना दिसतच नव्हता. संप रीतसर मागे घेतला गेला नाही. हजारो घरं उद्ध्वस्त झाली आणि एकामागून एक गिरण्या बंद पडल्या. यंत्रं जुनाट झाली होती, जमिनीचे भाव चढले होते, ही कारणं खरी आहेत. पण संवाद तुटलेल्या उद्योगाला त्यांचा सामना करता आला नाही, हेही तितकंच खरं.

त्याआधीच एक वेगळी वाटही निघाली होती. १९७०च्या दशकाच्या मध्यावर उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांनी लार्सन अँड टुब्रोसाठी मनुष्यबळ विकासाची रचना आखली. माणसाची वाढ, त्याच्या कामाबद्दल त्याच्याशी मोकळं बोलणं, पुढच्या जबाबदारीची तयारी हा तिचा गाभा होता. ‘पर्सोनेल’ची पाटी हळूहळू उतरली आणि ‘एचआर’ची चढली. १९९१च्या उदारीकरणानंतर हिंजवडीसारख्या आयटी वसाहतींत ही भाषा रुळली, पण ती पोहोचली मुख्यतः पांढरपेशा नोकरदारांपर्यंत.

कारखान्यात मात्र कंत्राटदार आला. १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्यानुसार कंत्राटदारानं पगार बुडवला तर तो मूळ मालकाला द्यावा लागे. कायद्यानं नातं ओळखलं होतं, व्यवस्थापनानं ते टाळलं. एकाच यंत्रावर कायम आणि कंत्राटी असे दोघे शेजारी उभे राहू लागले. काम सारखं, पगार वेगळा. २०२०च्या कोविड टाळेबंदीत मुंबई-नाशिक रस्त्यानं गावाकडे चालत निघालेल्या कामगारांचे हाल देशानं पाहिले. असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी ई-श्रम पोर्टल सुरू व्हायला ऑगस्ट २०२१ उजाडला.

२१ नोव्हेंबर २०२५ला चार श्रमसंहिता लागू झाल्या. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यावं लागेल. मुदतीच्या नेमणुकीवर असलेल्याला वर्षभरानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळेल. याच संहितांनी कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी लागू होण्याची मर्यादा २० कामगारांवरून ५०वर नेली आणि कपातीसाठी सरकारी परवानगीची मर्यादा १००वरून ३००वर. एका हातानं हक्क दिला, दुसऱ्या हातानं मोकळीक.

म्हणून मालकांना आग्रहानं सांगावंसं वाटतं की ही मोकळीक मिळाली तरी वापरू नका. पन्नासाहून कमी माणसं असली तरी त्यांची यादी स्वतःकडे ठेवा, पगार त्यांच्या खात्यात पोहोचला का ते स्वतः पाहा, कंत्राटी कामगाराचं गाऱ्हाणं तुमच्याच अधिकाऱ्यानं ऐकू द्या आणि सुपरवायझरला माणसं सांभाळायला शिकवा. भरती आता ॲपवरून होवो की एजन्सीकडून, जबाबदारी मध्यस्थावर ढकलली की जॉबर परत आलाच म्हणून समजा. तसं झालं तर व्हिटली आयोगानं जे काम सांगितलं होतं, ते जवळजवळ शंभर वर्षांनीही आपण पुरं केलेलं नसेल.