रिकाम्या खुर्च्यांचा ताळेबंद

पाश्चात्त्य अभिजात संगीताचा वाद्यवृंद ही मुंबईला नवी गोष्ट नाही. मेहली मेहता यांनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. पुढे ते परदेशी गेले आणि शहराला स्थिर पायावरचा वाद्यवृंद लाभण्यास अनेक दशके जावी लागली. खुश्रू संतूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मारत बिसेनगालिएव यांच्या पुढाकाराने २००६ साली नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये ‘सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ स्थापन झाला. साधारणतः फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात, असे वर्षातून दोनदा त्याचे हंगाम होतात. प्रत्येक हंगामाच्या तोंडावर, कोणत्या कृती सादर होणार याइतकाच आणखी एक प्रश्न महत्त्वाचा ठरतो : त्या ऐकणार कोण?

हा प्रश्न केवळ अभिरुचीचा नाही. तो अर्थशास्त्राचाही आहे. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अमेरिकन अर्थतज्ज्ञांनी १९६६ साली प्रयोगकलांच्या आर्थिक कोंडीचा मूलगामी अभ्यास प्रसिद्ध केला. गिरणीत नवे यंत्र आले की तेवढ्याच कामगारांकडून अधिक कापड निघते. बेथोव्हेनची पाचवी सिंफनी मात्र १८०८ साली व्हिएन्नात प्रथम वाजली तेव्हा तिला जेवढे वादक आणि जेवढा वेळ लागला, जवळपास तेवढेच आजही लागतात. इतर क्षेत्रांतील वेतन वाढले की वादकांचेही वाढवावे लागते, परंतु उत्पादकता जिथल्या तिथे राहते. तिकीटविक्री आणि खर्च यांच्यातील दरी त्यामुळे कालांतराने रुंदावतच जाते. ती व्यवस्थापनाच्या गैरकारभारामुळेच पडते असे नव्हे. या कलेच्या स्वरूपातच ती आहे.

ही दरी देणग्यांनी भरून निघते. सांस्कृतिक संस्थांना दिलेल्या देणग्यांवर प्राप्तिकरात सवलत मिळू शकते. म्हणजे त्या रकमेचा काही अंश अखेर सरकारी तिजोरीच सोसते. वाद्यवृंदाची सभा कधीच न पाहिलेला करदाताही अशा वेळी नकळत त्याचा आश्रयदाता ठरतो. नवा श्रोता मिळवणे हा मग जाहिरात विभागापुरता विषय उरत नाही. ते या आश्रयाचे उत्तरदायित्व ठरते.

याच गणिताची दुसरी बाजू आशादायक आहे. सत्तर-ऐंशी वादकांचा ताफा मंचावर बसला की खर्च होऊन गेलेला असतो. जमशेद भाभा नाट्यगृहात सुमारे अकराशे खुर्च्या आहेत. त्यांतील एखादी रिकामी ठेवून एक पैसाही वाचत नाही. न विकल्या गेलेल्या जागा ऐनवेळी विद्यार्थ्यांना नाममात्र दरात देणे हे औदार्य नव्हे, साधा व्यवहार आहे.

परंतु केवळ तिकीट स्वस्त केल्याने प्रश्न सुटणार नाही. डोंबिवलीच्या किंवा वसईच्या श्रोत्याच्या दृष्टीने सभेची खरी किंमत तिकिटावर छापलेली नसते. कामाची वेळ संपवून गाठायचे दक्षिण टोक, परतीची लोकल आणि दुसऱ्या दिवशीची पहाट, हे सारे त्या किमतीत धरावे लागते. भुयारी मेट्रो २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत धावू लागल्याने काहींचा प्रवास सुकर झाला; तथापि सर्वांचा नव्हे. श्रोता संगीताकडे येत नसेल तर संगीताने श्रोत्याकडे गेले पाहिजे. पूर्ण वाद्यवृंदाला ठाण्याचे गडकरी रंगायतन किंवा वाशीचे विष्णुदास भावे नाट्यगृह अपुरे पडेल. पण चार व्हायोलिन-चेलोवादकांच्या चतुष्टयाला तेथे भरपूर जागा आहे. हंगामापूर्वीचे असे छोटे प्रयोग मोठ्या सभेचे उत्तम आमंत्रण ठरतील.

‘मराठी कानाला हे संगीत रुचणार नाही’, हा आक्षेप नेहमीचाच आहे. वस्तुतः हा कान व्हायोलिनच्या ताफ्याला मुळीच परका नाही. हिंदी चित्रपटसंगीताच्या वैभवकाळात त्या ताफ्यांत गोमंतकीय वादक मोठ्या संख्येने होते. मोझार्टच्या चाळिसाव्या सिंफनीची धून सलील चौधरींनी ‘छाया’ (१९६१) या चित्रपटातील गीतात आणली आणि ती घरोघरी पोचली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी तर १९५८ साली भारतीय रागसंगीत आणि पाश्चात्त्य वाद्यमेळ यांचा संगम साधणारा वाद्यवृंद उभारला होता. कान तयार आहे; ओळख करून देणारे कोणी हवे आहे.

आपल्याकडे ख्यालगायनाचा श्रोताही आपोआप जन्माला आला नव्हता. दरबारातील गाणे सामान्यांपर्यंत आणण्यासाठी विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. गिरगाव-दादरच्या गणेशोत्सवांनी चाळकऱ्यांना मैफलीची सवय लावली. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाने भारतीय बैठकीची स्वस्त जागा ठेवून पिढ्या घडवल्या. तेथे गाणे सोपे करण्यात आले नाही. प्रवेश सोपा करण्यात आला. वाद्यवृंदाने घ्यावयाचा धडा नेमका हाच आहे.

नव्या श्रोत्यासाठी लोकप्रिय चालींची खिरापत वाटण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. त्याने एक संध्याकाळ भरेल, पण पुढच्या हंगामाला तो श्रोता परतेलच असे नाही. याउलट, झाकिर हुसेन यांच्याकडून २०१५ साली या वाद्यवृंदाने करवून घेतलेली ‘पेशकार’ ही तबला व वाद्यवृंदासाठीची रचना दोन्ही परंपरांचा मान राखणारी होती. या वाटेवर आणखी पावले पडायला हवीत.

याहून कठीण प्रश्न मंचावरचा आहे. वादकांतील मोठा वर्ग आजही हंगामापुरता परदेशांतून येतो. संस्थेने मुलांना शिक्षण देणारी अकादमी काढली आहे, ही दूरदृष्टी होय. शेजारची मुलगी चेलो वाजवते म्हणून सभेला गेलेले कुटुंब कोणत्याही जाहिरातीपेक्षा टिकाऊ श्रोता ठरते. मात्र असे शिक्षण दक्षिण मुंबईच्या सुस्थित घरांपुरते राहिले, तर मंच आणि प्रेक्षागार या दोन्हींवर त्याच चार वस्त्यांची मक्तेदारी राहील.

हंगामाचे यश किती तिकिटे खपली यावरून मोजण्याची प्रथा आहे. त्यांपैकी किती तिकिटे आयुष्यात प्रथमच सिंफनी ऐकणाऱ्यांच्या हाती पडली, याचीही नोंद ताळेबंदात व्हावी. सार्वजनिक आश्रयावर जगणाऱ्या कलेचा खरा नफा त्याच रकान्यात दिसेल.