धाराशिवहून ओझरला : छोट्या विमानातून विमानांच्या कारखान्याकडे

वाचकहो, डोक्यावरून विमान गेले की खुरपणीला बसलेल्या बाया हात थांबवून वर पाहतात, आणि पोरे बांधावरून धावत सुटतात. पण ते विमान बनते कुठे, बनवतो कोण, हे आपण सहसा विचारीत नाही. आपल्याच महाराष्ट्रात, नाशिकजवळ ओझरला, विमानांचा मोठा कारखाना आहे. धाराशिवलाही लहान विमानांसाठी धावपट्टी आहे. तेव्हा चला, मनाने का होईना, आज दोन आसनी विमानातून तिकडे जाऊन येऊ.

निघण्याची तयारी

छोटे विमान म्हणजे एस.टी. नव्हे, की आणखी दोघे दाटीने बसतील. माणसे, सामान, इंधन, सगळ्याचे वजन आधी मांडावे लागते. ओझर सरळ रेषेत सुमारे ३०० किलोमीटर. ताशी १५० किलोमीटर वेगाने दोन तासांचा पल्ला. पण समोरून ताशी ३० किलोमीटरचा वारा असला, तर त्याच वाटेला अडीच तास लागतात. म्हणून वैमानिक वाऱ्याचा अंदाज घेतो आणि राखीव इंधन ठेवूनच निघतो. ओझरला उतरण्याची परवानगीही आधीच काढावी लागते.

उन्हाळ्यात सकाळची वेळ बरी. दुपारी तापलेल्या माळावरून गरम हवा वर उसळते. आपल्याला ती वावटळीत दिसते. वर मात्र छोटे विमान खाचखळग्यांतल्या बैलगाडीसारखे हादरते.

खाली पाहत जाऊ

मांडीवर नकाशा, समोर होकायंत्र, तोंड वायव्येला. वाशी मागे टाकून बालाघाटच्या माथ्यावरून पाटोद्याकडे जावे. पुढे अहिल्यानगर डाव्या हाताला, पाथर्डी उजव्या हाताला राहते. मग मुळा धरणाचे पाणी चमकते, राहुरीच्या कृषी विद्यापीठाची शेते दिसतात आणि दौंड-मनमाडचा लोहमार्ग खूण म्हणून सापडतो. प्रवरानगरच्या साखर कारखान्याजवळून जाऊन शिर्डी उजवीकडे ठेवली, की नांदूरमध्यमेश्वरला गोदावरी भेटते. तिथून निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागा, आणि त्यांच्या पलीकडे ओझर.

कारखाना उभा कसा राहिला?

याची मुळे आपल्या शेजारी सोलापुरात आहेत. सोलापुरात १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद १९३९ मध्ये परदेशी विमानप्रवासात असताना त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन विमान-व्यावसायिकाशी गाठ पडली. त्या ओळखीतून डिसेंबर १९४० मध्ये, म्हैसूर संस्थानच्या साह्याने, बंगळूरला ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ ही कंपनी निघाली. १९४१ मध्ये तिथले पहिले विमान उडाले. युद्धकाळात, १९४२ साली, सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला. जर्मनीत शिकून आलेले मराठी शास्त्रज्ञ विष्णू माधव घाटगे यांनी याच कंपनीत ‘एच.टी.-२’ या शिकाऊ विमानाचा आराखडा केला. ते १९५१ मध्ये उडाले.

ओझरचा कारखाना १९६४ मध्ये मिग-२१ विमानांसाठी स्थापन झाला. तेव्हा संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण, देवराष्ट्रे गावच्या शेतकरी घरातले. पुढे इथे सुखोई-३० बनली, आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरला बांधलेले पहिले तेजस आकाशात झेपावले.

शेतीलाही ही कंपनी विसरली नव्हती. फवारणीसाठी तिने ‘बसंत’ नावाचे एक आसनी विमान केले होते. १९८० च्या सुमारास ते बनवणे थांबले. आज फवारणीचे काम ड्रोन करू लागला आहे, आणि बचत गटातल्या बायाही तो चालवायला शिकत आहेत.

आपल्या मुलांसाठी

विहिरीवरची मोटार बंद पडली तर आपण खोलून बघतो. आकाशात तशी सोय नाही. म्हणून विमानाच्या कामात प्रत्येक भागाची नोंद राहते, तपासणी होते, आणि काम संपल्यावर हत्यारेसुद्धा मोजून ठेवतात. आत राहिलेला एक पाना जिवावर बेतू शकतो. चोख आणि प्रामाणिक हात, हेच तिथले भांडवल.

विमान चालवायला शिकण्यास लाखो रुपये लागतात. ते प्रत्येक घराला झेपणारे नाही. विमान बनवणाऱ्या कामाची वाट मात्र तालुक्याच्या आय.टी.आय.मधून सुरू होऊ शकते. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वेल्डर, इलेक्ट्रिशियन असे शिक्षण झालेल्यांना ओझरचा कारखाना शिकाऊ उमेदवार म्हणून घेतो. उमेदवारी म्हणजे कायमची नोकरी नव्हे, हे आधीच ध्यानात ठेवावे. पण तिथे लागलेली शिस्त आणि हाती आलेले कसब कुठेही भाकर देईल.

यंदा घरात दहावी झालेला मुलगा किंवा मुलगी असेल, तर प्रवेशाचे अर्ज भरण्याआधी एकदा जवळच्या आय.टी.आय.मध्ये जाऊन चौकशी करा. मुलीलाही सोबत न्या; यंत्राला मुलगा-मुलगी कळत नाही, त्याला फक्त काम कळते.