सुरकुत्या घालविणारी सुई

गेल्या वर्षी पौषात, गड्ड्याच्या यात्रेची गडबड ओसरल्यावर, आमच्या थोरल्या वहिनींनी एके दुपारी आम्हांस माजघरात बोलावून एक छापील पत्रक हाती दिले. ते येथल्याच एका ब्यूटी पार्लरचे होते. 'पंधरा मिनिटांत सुरकुत्या नाहीशा' असे त्यावर ठळक अक्षरांत छापले होते, आणि खाली लग्नसराईनिमित्त सवलत जाहीर केली होती. "भावजी, तुम्ही चार पुस्तके वाचता म्हणून विचारते. यात काही तथ्य आहे का? आणि हसू नका." त्यांच्या धाकट्या चिरंजीवांचे लग्न वैशाखात ठरले होते. वहिनींचे वय चोपन्न. भुवयांच्या मधोमध दोन उभ्या आठ्या अशा काही बसल्या आहेत की, त्या रागावलेल्या नसल्या तरी घरातील मुले जरा दबकूनच असतात.

हसू आम्हांस आले होते, हे कबूल केले पाहिजे. परंतु दर पंधरवड्यास केसांना कलप लावणाऱ्या गृहस्थाने अशा प्रश्नास हसावे, हे न्यायाचे नव्हे. म्हणून पत्रक खिशात घातले आणि माहिती काढावयास लागलो. ती येथे देत आहो, कारण हा प्रश्न केवळ आमच्याच माजघरात निघाला असेल असे वाटत नाही. पुष्कळ घरी तो कोणासच न विचारता परस्पर पार्लरात जातो, आणि भीती आहे ती तेथे.

प्रथम सांगावयाचे ते हे की, या सुईतील द्रव्य विष आहे, आणि मनुष्यास ठाऊक असलेल्या विषांत अत्यंत जहाल असे आहे. नासलेल्या सॉसेजांनी होणाऱ्या विषबाधेचे सविस्तर वर्णन जर्मन वैद्य युस्टिनस केर्नर यांनी १८२० च्या सुमारास केले. लॅटिन भाषेत सॉसेजास 'बोटुलस' म्हणतात, त्यावरून या रोगास बोटुलिझम हे नाव पडले. पुढे १८९५ मध्ये बेल्जियममधील एका खेड्यात अंत्यविधीस आलेल्या वादकांनी खारविलेले डुकराचे मांस खाल्ले व त्यांतले तिघे दगावले. त्या मांसातून एमिल व्हान एर्मेंगेम यांनी रोगाचा जंतू शोधून काढला. हे विष मज्जातंतूच्या टोकाशी पोहोचून स्नायूस मिळणारा आकुंचनाचा संदेश अडविते. स्नायू सैल पडतो. अन्नातून बाधा झालेला मनुष्य मरतो तो श्वासाचे स्नायू असे सैल पडल्यामुळेच.

याच गुणाचा अत्यल्प मात्रेत उपयोग करावा, ही कल्पना सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रवैद्य अ‍ॅलन स्कॉट यांची. तिरळे डोळे सरळ करण्यासाठी त्यांनी ते वापरले, व १९८९ मध्ये अमेरिकेच्या औषध खात्याने त्यास मान्यता दिली. सौंदर्याशी संबंध आला तो अगदी योगायोगाने. कॅनडातील व्हँकुव्हर येथे डॉ. जीन कॅरुथर्स या नेत्रवैद्य बाई, पापण्या आपोआप घट्ट मिटण्याच्या विकारावर ही सुई देत असत. १९८७ मध्ये त्यांच्या एका रुग्ण बाईंनी, या खेपेस भुवईपाशी का टोचले नाही, म्हणून तक्रार केली. तेथे टोचले म्हणजे कपाळ निवांत दिसते, हे त्यांच्या ध्यानात आले होते! डॉक्टरीणबाईंचे पती अ‍ॅलिस्टर हे त्वचेचे वैद्य. उभयतांनी १९९२ मध्ये आपला निबंध प्रसिद्ध केला, आणि २००२ मध्ये भुवयांमधील आठ्यांसाठी या औषधास अमेरिकेत मान्यता मिळाली. बोटॉक्स हे त्याचेच एक व्यापारी नाव होय.

गुण येतो काय? येतो, यात आता शंका घेण्याचे कारण नाही. २०२१ मध्ये कोक्रेन या संस्थेने सुमारे पंधरा हजार व्यक्तींवरील ६५ चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांत चार आठवड्यांच्या आत सुरकुत्या कमी झाल्याचे आढळले; त्याचबरोबर पापणी खाली उतरण्याचा धोका वाढतो, असेही आढळले. मात्र गुण कशावर येतो, हे नीट समजून घ्यावे. सोलापुरी चादर वर्षानुवर्षे एकाच घडीवर ठेवली तर घडीची रेघ उमटते, तद्वत् आठ्या घालून घालून कपाळावर रेघा पडतात. स्नायू सैल केला की घडी पडणे थांबते. परंतु उन्हाने कातडीच रापून, पातळ होऊन ज्या बारीक सुरकुत्या पडतात, किंवा वयाने गाल उतरतात, त्यांस या सुईचा फारसा उपाय नाही. शिवाय गुण टिकतो तीन ते चार महिने. 'नाहीशा' हा पत्रकातला शब्द म्हणूनच खोटा.

गाल भरून काढण्यासाठी जे टोचतात ते निराळे. त्यास फिलर म्हणतात. पार्लरवाले दोन्ही एकाच दमात सांगतात, म्हणून हा भेद ध्यानात ठेवावा. हा उद्योग जुना आहे. १८९९ मध्ये व्हिएन्नाचे गेर्सुनी यांनी पॅराफिन टोचण्यास आरंभ केला, आणि पुढे किती चेहऱ्यांवर गाठी झाल्या व मेण जागचे सरकले, याच्या करुण कथा आहेत. १९८१ मध्ये अमेरिकेत गाईच्या कातडीपासून केलेल्या कोलॅजनास मान्यता मिळाली. त्यानंतर हायलुरॉनिक आम्ल आले. तेही काही काळ कोंबड्याच्या तुऱ्यातून काढीत, आता बहुधा जंतूंच्या साहाय्याने तयार करतात. आमच्या मातुःश्रींनी हे ऐकताच कानांवर हात ठेवले. बोटॉक्सच्या कुपीत मानवी रक्तातील अल्ब्युमिन असते, हे आम्ही त्यांना सांगितलेच नाही. फिलरचा खरा धोका सोवळ्याओवळ्याचा नव्हे. ते चुकून रक्तवाहिनीत गेले तर कातडी मरते, आणि क्वचित कायमचे अंधत्व येते. हायलुरॉनिक आम्ल विरघळविणारे औषध आहे, परंतु ते जवळ हवे आणि वापरणाऱ्यास ज्ञान हवे.

आमच्या परिचयातील एका बाईंनी पुतण्याच्या मुंजीपूर्वी अशाच एका ठिकाणी, डॉक्टर नसलेल्या मुलीकडून, कपाळावर सुया घेतल्या. आठवड्याने डावी पापणी अर्ध्यावर उतरली. मुंजीत त्या काळा चष्मा लावून वावरल्या, आणि डोळे आल्याचे सांगत राहिल्या. पापणी पूर्ववत् होण्यास सहा आठवडे लागले. कुपीवर काय लिहिले होते, हे त्यांनी पाहिले नव्हते. पाहावयाचे असते हेच त्यांस ठाऊक नव्हते. त्या थोडक्यात सुटल्या. अमेरिकेत २०२४ मध्ये बनावट किंवा अयोग्य रीतीने दिलेल्या सुयांमुळे ११ राज्यांतील २२ जणांना त्रास झाला, व त्यांतील ११ जणांना रुग्णालयात ठेवावे लागले.

हे सर्व वहिनींना सांगितल्यावर त्या बेत सोडतील, अशी आमची समजूत होती. त्या म्हणाल्या, "म्हणजे डॉक्टरकडे गेले तर चालेल, असेच ना?" मग आम्ही त्यांना घेऊन एका त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय असलेल्या या शहरात त्यासाठी पुण्यास धावण्याचे कारण नाही. डॉक्टरांनी प्रथम स्नायूंच्या दुबळेपणाचा काही विकार आहे काय, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे काय, हे विचारले. गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांस ही सुई देत नाहीत, हेही सांगितले. भुवयांमधील आठ्यांसाठी बोटॉक्सची नेहमीची मात्रा वीस एककांची, पाच जागी चार-चार. परंतु एका कंपनीचे एकक दुसरीच्या एककाबरोबर जुळत नाही, म्हणून केवळ आकडा सांगून उपयोग नाही. कुपी थंड पेटीत दोन ते आठ अंशांवर राखावी लागते. आमच्या उन्हाळ्यात वीज गेली की पार्लरच्या कपाटातील कुपीचे काय होत असेल, हा विचार आमच्या मनात आल्यावाचून राहिला नाही. गुण पुरता दिसावयास दोन आठवडे लागतात, तेव्हा लग्नाच्या आदल्या आठवड्यात धावत येऊ नये, असेही त्यांनी बजावले.

मग त्यांनी वहिनींना विचारले, "उन्हात किती वेळ असता?" चैत्रात गच्चीवर भर दुपारी सांडगे-कुरडया घालणाऱ्या बाईने यास काय उत्तर द्यावे! डॉक्टर म्हणाले, "सुईचे पुढे बघू, आधी पदर पुढे ओढा, ऊन टाळणारे मलम लावा, आणि वाळवण सकाळी आठाच्या आत उरका." रात्री लावावयास त्यांनी ट्रेटिनॉइनचे मलम दिले. त्याचा गुण महिन्यामहिन्यांनी येतो, पण तो कातडीवरच येतो. प्रारंभी त्वचा लाल होते व सोलते, हेही वहिनींनी अनुभविले. गरोदरपणात ते वापरीत नाहीत.

वहिनींनी चैत्रात सुई घेतली. चिमटा काढल्यासारखे झाले, एका जागी हिरवट डाग पडला तो पाच दिवसांत गेला, आणि त्या दिवशी त्यांनी कपाळ चोळले नाही. लग्नात कोणी काही ओळखले नाही. फक्त सोलापुराबाहेरून आलेल्या आत्याबाई म्हणाल्या, "तुझी प्रकृती सुधारलेली दिसते." आमच्या थोरल्या बंधूंस यातले काहीच ठाऊक नव्हते. ते श्रावणात, शनिवारी जेवताना, पानावरून मान वर करून म्हणाले, "हल्ली तू पुन्हा रागावल्यासारखी दिसतेस, माझे काही चुकले का?" वहिनींनी आमच्याकडे पाहिले आणि त्यांच्या पानात आणखी थोडी भाजी वाढली.