दिव्यांग लेकराला घेऊन मुंबईला निघताय? आधी तालुक्यातली कामं उरका

कोकणातल्या माणसाला मुंबई परकी नाही. दादर, परळ, लालबाग, गिरगाव इथं गिरण्यांच्या काळापासून आपली माणसं राहत आली. त्यामुळे घरातलं मूल वेळेत बसत नाही, बोलत नाही, हाक मारली तर बघत नाही असं दिसलं की पहिला सल्ला एकच मिळतो, "मुंबईला घेऊन जा, केईएमला दाखव."

सल्ला वाईट नाही. पण बरीच कुटुंबं काहीच तयारी न करता निघतात. दोघांची दोन-तीन दिवसांची मजुरी बुडते, नातेवाईकाकडे दहा बाय दहाच्या खोलीत मुक्काम होतो, आणि शेवटी "जन्माच्या वेळचे कागद आणा, मग बघू" एवढं ऐकून परत यावं लागतं. अशा दोन खेपा झाल्या की आईबाप थकतात आणि तिसऱ्या खेपेला कोणी जात नाही. त्यात मुलाची महत्त्वाची वर्षं निघून जातात.

मुंबईचा डॉक्टर आजार ओळखतो, दिशा दाखवतो. पुढची रोजची मेहनत मात्र घरातच करायची असते. म्हणून आपल्या तालुक्यात, जिल्ह्यात काय मिळतं ते आधी समजून घ्या.

वाट कधी बघू नये

"त्याचा बापपण उशिराच बोलला होता," असं म्हणून आपण वर्ष वर्ष काढतो. काही मुलं उशिरा बोलतात हे खरं. तरी चार महिन्यांपर्यंत मान धरली नाही, नऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसलं नाही, दीड वर्षापर्यंत चाललं नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोललं नाही, किंवा मोठ्या आवाजालाही दचकत नाही, तर तपासणी करून घ्या. भाताचा तरवा वेळेत लावावा लागतो, तसंच हे आहे. पहिल्या पाच-सहा वर्षांत मेंदू झपाट्यानं वाढतो, त्या काळात केलेल्या व्यायामाचा आणि शिकवणीचा उपयोग जास्त. नवस बोलायचा तर बोला, पण त्यासाठी तपासणी थांबवू नका.

सुरुवात अंगणवाडीतून

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येऊन मुलं तपासतं. पथक कधी येणार हे अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईला विचारून ठेवा. त्या दिवशी मुलाला घरी लपवून ठेवू नका. गरज दिसली तर पथक मुलाला पुढं जिल्हा पातळीवरच्या तपासणी केंद्रात पाठवतं. तिथल्या चिठ्ठीसह मुंबईला गेलात तर तिकडचं काम सोपं होतं.

परळ-दादर भागात काय आहे

मुलांसाठी परळचं वाडिया रुग्णालय १९२९ पासून आहे. त्याच्याजवळच महापालिकेचं केईएम, ते १९२६ चं. हात-पाय, कॅलिपर, कृत्रिम अवयव, व्हीलचेअर अशा कामासाठी हाजी अलीला केंद्र सरकारची संस्था आहे, ती १९५५ पासून चालते. ऐकण्या-बोलण्याच्या अडचणीसाठी वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. दादरची अंध मुलींची निवासी शाळा तर १९०० साली, दुष्काळाच्या दिवसांत सुरू झाली. आज ती कमला मेहता दादर अंध शाळा म्हणून ओळखली जाते.

लालबागपासून जवळच शिवडीला जय वकील शाळा आहे. तिची गोष्ट प्रत्येक आईबापानं ऐकावी. होरमसजी आणि जय वकील या दांपत्याची मुलगी दीना हिला डाउन सिंड्रोम होता. तिला शिकवील अशी शाळा मिळेना, म्हणून १९४४ साली त्यांनी स्वतःच शाळा काढली. आज तिथं बौद्धिक दिव्यांग मुलं शिकतात. १९७२ मध्ये मिठू आलूर यांनीही असंच केलं. त्यांची मुलगी मालिनी हिला सेरेब्रल पाल्सी होता. त्यांनी मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी उभी केली. मालिनी पुढं उच्चशिक्षण घेऊन लेखिका झाली. दोन्ही ठिकाणी सुरुवात आईबापांनीच केली.

निघताना पिशवीत काय हवं

जन्माच्या वेळचे दवाखान्याचे कागद, लसीकरण कार्ड, आधीच्या तपासण्या, आधार, रेशनकार्ड. सगळ्यांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा. मूल कधी बसलं, कधी पहिला शब्द बोललं, फिट आली का, हे एका वहीत लिहून न्या. फिट येत असेल तर तिचा व्हिडिओ काढून ठेवा, डॉक्टरला त्याचा मोठा उपयोग होतो.

तुतारी एक्स्प्रेस सकाळी दादरला पोहोचते, तिथून परळ जवळ. मोठ्या रुग्णालयात केस पेपरची रांग सकाळीच लागते. पैशाची किंवा राहायची अडचण असेल तर तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटा, हेच त्यांचं काम असतं. थेरपिस्ट व्यायाम दाखवतील तेव्हा परवानगी घेऊन मोबाइलवर शूट करा. घरी आल्यावर आजी, काका, मोठी बहीण, सगळ्यांना तो बघून व्यायाम करता येतो. दर आठवड्याला मुंबई गाठणं कोणालाच शक्य नसतं.

कागद आपल्याच जिल्ह्यात

यूडीआयडी कार्डाचा अर्ज ऑनलाइन होतो आणि तपासणी जिल्हा रुग्णालयात करून घेता येते. त्यासाठी मुंबईला जायची गरज नाही. लहान मुलांना अनेकदा तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं, त्याची मुदत बघून ठेवा. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर बऱ्याच गोष्टी मिळू शकतात:

– एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत. रेल्वेत ठरावीक प्रकारच्या दिव्यांगांना आणि त्यांच्या सोबत्यालाही सवलत आहे, पण त्यासाठी रेल्वेचं ओळखपत्र आधी काढावं लागतं.

– संजय गांधी निराधार योजनेचं मासिक अनुदान. उत्पन्नाची अट आहे, अर्ज तहसीलमध्ये.

– ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुदिव्यांगत्व असेल तर निरामय विमा. त्यात वर्षाला १ लाखापर्यंत खर्च मिळतो, थेरपीचासुद्धा.

– २०१६ च्या कायद्यानं ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क. शाळा "जमणार नाही" म्हणाली तर गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना गाठा.

– ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असा नियम आहे. गेल्या वर्षी तो कशावर खर्च झाला, हे ग्रामसभेत विचारा.

वरच्या चार प्रकारांतलं मूल १८ वर्षांचं झालं की कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करता येतो. आपल्यामागं याचं कोण करणार, ही चिंता आईबापांना रात्री झोपू देत नाही. हा अर्ज म्हणजे त्यातलं एक पाऊल तरी.

गावानं काय करायचं

या घरातली आई कुठं जात नाही. बचत गटाच्या मीटिंगला नाही, लग्नाला नाही, गणपतीच्या आरतीला शेजारीसुद्धा नाही. कारण मुलाजवळ कोण बसणार? वर "तुझ्याच पोटी असं कसं?" हे ऐकावं लागतं. हा कोणाचा दोष नसतो, आईचा तर नाहीच.

आठवड्यातून दोन तास शेजारणीनं मुलाला सांभाळलं तर ती माऊली बाजाराला जाऊन येईल. जिल्ह्याला जाणारी गाडी असेल तर तिच्यात एक जागा द्या. बोलावणं देताना "त्यालाही घेऊन या" म्हणा. पोरांनी त्याला नावं ठेवली तर तिथल्या तिथं थांबवा. याला कुठलाच निधी लागत नाही.

तुमच्या वाडीत असं लेकरू असेल तर ही बातमी त्या घरी नुसती फॉरवर्ड करू नका. जाऊन बसा, वाचून दाखवा आणि विचारा, यातला कुठला कागद अजून व्हायचा आहे?