बारूददाणी : नाव, वस्तू आणि नक्कल

तोड्याच्या किंवा चकमकीच्या बंदुकीस दारू दोन ठिकाणी लागे : एक नळीत ठासावयाची व दुसरी छिद्राजवळ पेटवणीसाठी घालावयाची. या दुसरीस मराठीत ‘रंजक’ म्हणतात. म्हणूनच दारूची पात्रेही दोन, एक मोठे व एक तळहातात मावणारे. जुन्या वस्तूंच्या व्यापारात मात्र दोहोंस सरसकट ‘बारूददाणी’ हेच नाव मिळते, आणि ओळखीतील पहिली चूक तेथेच होते.

‘बारूद’ हा शब्द अरबीत प्रथम सोऱ्याचा वाचक होता. पुढे तो दारूस लागला. ‘दान’ हा फारसी पात्रवाचक प्रत्यय होय, संस्कृत ‘दान’ शब्दाशी त्याचा संबंध नाही. मराठीने त्याचे ‘दाणी’ केले, हे पिकदाणी व अत्तरदाणी या शब्दांवरून दिसेलच. ‘दारू’ म्हणजे फारसीत औषध. चिनी भाषेतही या चूर्णाच्या नावाचा शब्दशः अर्थ ‘अग्निऔषध’ असाच आहे. मुंबईतील दारूखाना या स्थलनामाने आज भलताच समज होतो, तो याच अर्थांतरामुळे.

ठिणगीच्या भयाने ही पात्रे शिंग, लाकूड, चामडे, शिंपले, पितळ अथवा तांबे यांची करीत. गुजरातेतील मोत्याच्या शिंपल्याचे काम व मोगल काळातील हरिणमुखे कोरलेली हस्तिदंती रंजकदाने प्रसिद्ध आहेत. एकोणिसाव्या शतकात शेफील्डच्या जेम्स डिक्सन यांसारख्या कारखान्यांचा माल सर्वत्र पसरला. त्यात पातळ पत्र्याचे दोन अर्ध जोडलेले असतात, आणि तोटीवर दारूच्या मापाच्या खुणा असतात.

अंधेरीनजीक ओशिवऱ्याच्या बाजारात जुने लाकडी सामान व त्याच्या नकला शेजारीशेजारी विकल्या जातात. तेथे लागणारी सावधगिरी येथेही लागते. नक्कल बहुधा ओतीव व जड असते, आणि तिच्यावरील मुद्रा बोथट उठलेली दिसते. घासलेपण सर्वत्र सारखे असेल तर संशय घ्यावा. खऱ्या वापराने पट्ट्याच्या कड्या व अंगठ्याखालची कळ आधी झिजते. सर्वांत निर्णायक कसोटी कळीची. दाबल्यावर मार्ग मोकळा होतो काय, सोडल्यावर तो घट्ट मिटतो काय, हे पाहावे. शोभेसाठी केलेल्या वस्तूत कळ पुष्कळदा नुसती बसविलेली असते, तोटी आतून बंदच असते. केवळ हिरवट गंजावर विसंबणे भोळेपणाचे. तो आम्लाने चार दिवसांत आणता येतो.

नावाचा प्रश्न येथे कायद्याचाही होतो. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांची वस्तू पुरावस्तू ठरते; तिच्या विक्रीच्या व्यवसायास परवाना लागतो व खाजगी निर्यात निषिद्ध आहे. त्यामुळे नकलेस ‘जुनी’ म्हणण्यात जसा लोभ, तसाच खऱ्या वस्तूस ‘नवी’ म्हणण्यातही असू शकतो. परदेशी पाठवावयाच्या संशयास्पद वस्तूस भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्यावा लागतो. हस्तिदंती रंजकदानाची गोष्ट याहून निराळी : वन्यजीव संरक्षण कायद्यातील 1986 व 1991 च्या दुरुस्त्यांनंतर हस्तिदंताचा व्यापारच बंद झाला असून, तेथे वस्तू खरी की नक्कल या प्रश्नाने विक्रीचा मार्ग मोकळा होत नाही.